संथ टेप

माझा नवरा गेली अकरा वर्षं एका जपानी बँडचा इतिहास लिहितो आहे. ह्या बँडने उभ्या आयुष्यात एकही रेकॉर्ड काढली नाही. कोबे शहरातल्या चार विद्यार्थ्यांनी, संपामुळे कॉलेजं बंद असताना, हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून तो काढला. गिटारचा आवाज इतका वाढवायचा की ती आपली आपणच किंचाळायला लागेल, आणि ती किंचाळत असताना गायकाने स्टेजवर मांडी घालून, डोक्यावरून घोंगडी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं कण्हायचं, ह्याला ते गाणं म्हणत. अशी त्यांची गाणी एकूण सात. तीच सात गाणी ते बरीच वर्षं वाजवत राहिले, मग एकेक जण नोकरीला लागला आणि गायक कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. मला विचाराल तर तोही नोकरीलाच लागला असणार. नवऱ्याच्या पुस्तकात मात्र तो ‘अंतर्धान पावला’ अशा अर्थाचं भारदस्त इंग्रजी आहे.

रेकॉर्ड नाही म्हणजे उरलं काय, तर ऐकायला आलेल्या लोकांनी चोरून केलेल्या टेपा, आणि त्या टेपांच्या टेपा. जगभरात काही रिकामटेकडे पुरुष ह्या टेपा एकमेकांना पाठवतात, आणि कोणत्या टेपेत गायक कितव्या मिनिटाला खोकला ह्यावर भांडतात. बाई एकही नाही. मी मुद्दाम विचारून खात्री केली होती.

मी पुण्याची. माझ्या पिढीत पुण्यात ज्यांना इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला नाही आणि लग्नाचीही घाई नव्हती, अशा मुली जपानी शिकत. मी शिकले आणि यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित करायला चेन्नईला आले, कारण इथे जपानी कारखाने होते. कविता-बिविता मी कधी भाषांतरित केल्या नाहीत. बोल्ट किती घट्ट पिळायचा, तेल कधी बदलायचं, हात कुठे घालायचा नाही, हे माझं साहित्य. नवरा बँकेत होता. तो तंजावर मराठी. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. आपण ‘करतोय’ म्हणतो तिथे तो ‘करूलालों’ म्हणतो आणि मध्येच तमिळ हेल काढतो. पहिली काही वर्षं मी ह्या मराठीला नाकाने कांदे सोलत हसले. मग एकदा पुण्यात भाजीवालीशी बोलताना तोच हेल माझ्या तोंडून निघाला आणि माझं हसणं थांबलं.

ह्या बँडची पहिली कॅसेट त्याला बँकेतच मिळाली. एक जपानी इंजिनियर गाशा गुंडाळून मायदेशी निघाला होता. खातं बंद करायला आला आणि कपाटातलं उरलंसुरलं काउंटरवर ठेवून गेला. त्यात एक छत्री होती, अर्धी बाटली सॉस होता आणि ही कॅसेट होती. छत्री शाखेने ठेवून घेतली. नवरा कॅसेट घेऊन घरी आला, ऐकत बसला आणि उठलाच नाही. मी स्वयंपाकघरातून विचारलं की मिक्सर कुणी चालू ठेवलाय.

निवृत्तीनंतर त्याला मंडळी भेटली. शोळिंगनल्लूरला एका उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर एक सॉफ्टवेअर मॅनेजर राहतो. त्याच्या एका खोलीच्या भिंतींना फोम लावलेला आहे आणि दोन स्पीकर माणसाच्या उंचीचे आहेत. दर दुसऱ्या रविवारी सकाळी तिथे सहा पुरुष जमतात. गायक घोंगडी घ्यायचा म्हणून हेही घेतात. चेन्नईत. त्यासाठी एसी अठरावर ठेवतात, मग जमिनीवर मांडी घालून, डोक्यावरून शाल घेऊन, डोळे मिटून बसतात. मॅनेजरची बायको दाराशी सुंडलच्या, म्हणजे फोडणी दिलेल्या उकडलेल्या हरभऱ्याच्या, वाट्या ठेवते आणि पाठ फिरवून निघून जाते. मी एकदाच आत गेले होते. सहा प्रौढ माणसं ताप आल्यासारखी गुरफटून बसलेली पाहून मला हसू आवरेना, आणि नवऱ्याने शालीतून एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा गेले नाही.

त्यांच्यातल्या एकालाही जपानी येत नाही. पण गाण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मला कितीदा विचारून झालं की ह्या गाण्यात तो मृत्यूबद्दल काय म्हणतो. घोंगडीखालून निघणारं ते घोगरं ओढलेलं कण्हणं मलाही कळत नव्हतं, आणि मी म्हणायचे, म्हैस अडली आहे, दुसरं काही नाही. नवरा हे मंडळींना सांगत नसे.

त्याच्या पुस्तकाचा कणा म्हणजे एक टेप. तिला हे लोक ‘संथ टेप’ म्हणतात. तिच्यात एकच गाणं, दुसऱ्या कुठल्याच टेपेवर नसलेलं, चोवीस मिनिटं चालतं, आणि इतर सगळ्या टेपांपेक्षा जड, खालच्या सुरात, चिखलातून पाय उचलावा तसं. बाकी टेपांवर हाच बँड उड्या मारतो आणि ह्याच एका टेपेवर का सरपटतो, ह्या प्रश्नावर माझ्या नवऱ्याने अठ्ठावन्न पानांचं प्रकरण लिहिलं. त्यात सिद्धांत असा की बँडमधला एक मित्र सोडून गेला, त्याचं दुःख म्हणून गायकाने त्या दिवशी काळच मंद केला. प्रकरण वाचून परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकाने होकार दिला. अकरा वर्षांत त्याला मिळालेला तो पहिला होकार होता. ते पत्र त्याने छापून देवघराशेजारी लावलं, आणि मी तिथून काढलं नाही, ह्यालाच त्याने माझी दाद समजावं.

प्रकाशकाची एकच अट होती की ही टेप मुळात कुणी केली ते शोधा. नवऱ्याने सहा महिने खटपट करून कोबेजवळच्या गावातला एक म्हातारा शोधला. मी त्याला आदरार्थी जपानीत पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यात बोल्ट नसलेलं तेवढंच एक पत्र. महिन्याभराने उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, तीन पानं. नवरा पाकीट घेऊन ओट्याशी उभा राहिला. मी हात पुसले आणि वाचायला लागले.

म्हाताऱ्याचं अक्षर सुरेख होतं. त्याने लिहिलं होतं की आपण तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, दुकानातला स्पूलचा टेपरेकॉर्डर सायकलवर बांधून कोबेतल्या कार्यक्रमाला नेला, जवळच्या भिंतीतल्या प्लगला लावला. पुढे नोकरीसाठी तोक्योला गेलो तेव्हा तेच यंत्र मालकाकडून विकत घेऊन सोबत नेलं, आणि तोक्योतल्या खोलीत त्यावरून मित्रांसाठी कॅसेटी काढून दिल्या. मग एक ओळ होती. तोक्योची वीज वेगळी, यंत्रातली पुली बदलायला हवी होती, ती मी आळसाने बदलली नाही, त्यामुळे तुमच्यापर्यंत पोचलेली टेप मुळापेक्षा संथ चालते, ह्याबद्दल मनापासून क्षमस्व. पूर्वी एकदोन संग्राहकांना हे कळवलं होतं, पण त्यांना ते ऐकायला आवडलं नाही.

ही पुली मला माहीत होती.

त्यासाठी चेन्नईच्याच अंबत्तूरला, जुन्या काळात जावं लागतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत रबरी सील करणारा एक छोटा कारखाना होता. त्यांनी जपानातून एक जुनी भट्टी आणली आणि तिची पुस्तिका माझ्याकडे आली. भट्टीतून एक पट्टा सरकतो, त्यावरून रबर भाजून निघतं. पुस्तिकेत पट्ट्याच्या पुलीसाठी दोन रकाने होते, ‘पूर्व विभाग’ आणि ‘पश्चिम विभाग’. जपानात पूर्वेकडे, तोक्योच्या बाजूला, वीज पन्नास हर्ट्झची आणि पश्चिमेकडे, कोबेच्या बाजूला, साठची, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून आकडा लिहायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. मलाही ठाऊक होतं, वर्गात शिकवलं होतं. मी शब्दाला शब्द ठेवला आणि पुढचं पान उलटलं. कारखान्यातल्या इंजिनियरने जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला. भारत जपानच्या पश्चिमेला, तेव्हा पश्चिम विभाग. त्याने साठची पुली बसवली. आपली वीज पन्नासची, तिच्यावर मोटर हळू फिरते. पट्टा सहा फूट जायचा तिथे पाचच फूट सरकायला लागला, आणि रबर जास्त भाजून कडक व्हायला लागलं.

महिनाभर माल परत येत राहिला. आधी रबराला दोष दिला, मग समुद्राच्या दमट हवेला, आणि शेवटी भट्टीवरच्या माणसाला. वीस वर्षं भट्ट्यांवर काढलेला माणूस, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. हे मला त्यांच्या हिशेबनिसाने दुसऱ्याच कामाच्या फोनवर सहज सांगितलं. पट्टा जरा हळू वाटतो म्हणतात, पण जपानी यंत्र शांतच चालतं, असंही तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी माझी प्रत काढली आणि ते दोन रकाने पाहिले.

झाकली मूठ सव्वा लाखाची. चूक माझी आहे हे जगात एका माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस मीच होते. मी नवऱ्याला विचारलं, काय करू. मला वाटलं बँकेतला माणूस, काहीतरी सावध सांगेल.

“सांगून टाक,” तो म्हणाला. “मी गेटाबाहेर बसतों.”

मी म्हटलं बाहेर का, यायचं तर आत ये. तर म्हणाला, मला रबरांतलं काय कळतें, बाहेर बसाला मात्र येतें. त्याने रजा टाकली, मला स्कूटरवर नेलं आणि गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसला. आत चार माणसांसमोर मी सांगितलं. त्यांनी मला तमिळमध्ये जे ऐकवलं त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नाही, हे बरंच झालं. ते काम गेलं, पुढची दोन कामंही गेली. भट्टीवरच्या माणसाला परत बोलावलं. चार वाजता मी बाहेर आले तर नवरा तिथेच, त्याच बाकावर. काय झालं म्हणून विचारलं नाही. डबा उघडून माझ्यापुढे सरकवला, दहीभात आणि नार्तंगाईचं कडसर लोणचं, आणि म्हणाला, “जेव.”

तर ओट्याशी उभं राहून मी ते पत्र नवऱ्याला मराठीत वाचून दाखवत होते. सायकल सांगितली, तोक्यो सांगितलं, कॅसेटी सांगितल्या. पुलीची ओळ आली आणि मी तिच्यावरून उडी मारली. पुढचं पान वाचलं, म्हाताऱ्याने चेन्नईच्या उकाड्याची चौकशी केली होती. नवऱ्याचा चेहरा इतका फुलला होता की मला त्याच्याकडे बघवेना. तो पत्र घेऊन खोलीत गेला आणि पत्राचा फोटो काढून त्या पाच शालवाल्यांना पाठवला. त्यांना जपानी वाचता येत नाही, ह्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी चुका केल्या, पण ओळ कधी गाळली नव्हती. दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला की ह्या फडतूस बँडसाठी एवढं काय. पुस्तक शंभर माणसं वाचणार, त्यातली नव्वद शाल घेऊन वाचणार. एक म्हैस संथ रेकली काय आणि भराभर रेकली काय. पण मला झोंबत होतं ते वेगळंच. अकरा वर्षं मी त्याच्या ह्या वेडाला तोंडावर हसले, आणि तो मला पुरून उरला. आता पहिल्यांदा मी हसले नव्हते. मला त्याची कीव आली होती. एवढा अपमान मी त्याचा आजवर केला नव्हता, आणि तोही अंबत्तूरला माझ्यासाठी बाकावर बसलेल्या माणसाचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो प्रकाशकाला पाठवायची पानं लावत होता. मी पत्र घेतलं, त्याच्यासमोर बसले आणि गाळलेली ओळ वाचली. आधी जपानीत, मग मराठीत. मग अंबत्तूरची पुली म्हटलं, तेवढ्यावर त्याला कळलं.

बँकेतल्या सवयीने त्याने आकडा काढला. सहाचे पाच. चोवीस मिनिटं म्हणजे मुळात वीस. “अठ्ठावन्न पानं,” एवढंच म्हणाला आणि त्याने ती पानं गठ्ठ्यातून वेगळी काढली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून माझाच राग आला.

मी म्हटलं, एक ओळ आहे, मी पुन्हा विसरते, कुणाला कळणार आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“तुझ्या भट्टीवरल्या माणसाचें तरी कुणाला कळणार होतें?” तो म्हणाला.

त्याने ठरवलं की येत्या रविवारी मंडळींना सांगायचं, आणि टेप खऱ्या वेगाने तिथेच सगळ्यांसोबत ऐकायची. घरी एकट्याने आधी ऐकायला तो तयार होईना. संगणकावर वेग वाढवायला त्याला दोन मिनिटं लागली. फाइल पेन ड्राइव्हवर घातली आणि प्रकाशकाला प्रकरण मागे घेत असल्याचं कळवलं. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

रविवारी तो शाल घडी करून पिशवीत ठेवत होता तेव्हा मीही चपला घातल्या. कुठे म्हणून त्याने विचारलं.

“मी बाहेर बसते,” मी म्हटलं.

“आंत ये की.”

“मला त्या गाण्यातलं काय कळतंय?”

तो हसला नाही, पण स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. मीच चालवत नेली.

बाराव्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर मी बसले, मांडीवर डबा. फोम भिंतींना आहे, दाराला नाही. त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. आधी नवऱ्याचा आवाज, सावकाश, इंग्रजीत, एकही सारवासारव नाही. मग त्याने गाणं लावलं.

गाणं बरोबर वेगानेही भिकारच होतं. पण ते दुःखी नव्हतं. लग्नातल्या वरातीसारखं ते धावत होतं, आणि घोंगडीखालून येणारा आवाज म्हाताऱ्या महात्म्याचा नव्हता, विशीतल्या पोराचा होता, चिरका, मजेत असलेला. मला शब्द कळले. बस चुकली, पुढचीही चुकली, आता चालत येतो, भात ठेव. इतकंच, पुन्हा पुन्हा, वीस मिनिटं. ह्यावर अर्धं जग काळ्या कपड्यात रडत होतं.

ते संपायच्या आत दार उघडलं आणि मॅनेजर बाहेर आला, खांद्यावर शाल, चेहरा आंबलेला. मला पाहून थबकला. मग मोठ्या अदबीने म्हणाला की मॅडम, जुन्या हस्ताक्षरातलं पत्र आहे, भाषांतरात काही चूक असू शकेल ना. पुन्हा एकदा पाहता का.

“माझी चूक झाली की मी सांगते,” मी म्हटलं. “तुम्ही आत जा, थंडी वाजेल.”

तो आत गेला. थोड्या वेळाने नवरा बाहेर आला. पिशवीत शाल होती, पेन ड्राइव्ह आतच राहिला होता. त्याच्यामागे कुणी दारापर्यंतही आलं नाही. दार लागलं, एसीचा घरघराट ऐकू आला, आणि मग आतून पुन्हा तेच गाणं सुरू झालं, जड, सरपटत, जुन्या वेगाने. पाचही जणांनी शाली डोक्यावरून ओढल्या असणार. तो ते ऐकत जिन्यात उभा राहिला.

अकरा वर्षांत मी त्याला त्या बँडबद्दल एकही चांगला शब्द बोलले नव्हते, आणि तेव्हाही मला सुचला नाही. मी सरकून पायरीवर जागा केली. तो बसला. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

“जेव,” मी म्हटलं.